पाखरू एक तर चुकतं, नाही तर फाटतं: .२२ रिमफायरचं काडतूस निवडताना

लहान पक्ष्यांवर .२२ रायफल चालवणाऱ्यांची तक्रार दोन तोंडांची आहे. कधी गोळी बसते, पक्षी जागेवर पडतो, पण पिसं काढून बघावं तर छातीचं अर्धं मांस काळंनिळं, रक्तानं भरलेलं आणि हाडाच्या चुऱ्यानं खराब झालेलं. कधी पक्षी दहा पावलांवर फांदीवर बसलेला असतो, नेम स्वच्छ असतो, तरी गोळी खालून निघून जाते किंवा पंखाला चाटून जाते आणि जखमी पक्षी झुडपात नाहीसा होतो. पहिल्या अनुभवानंतर माणूस हळू काडतूस घेतो. दुसऱ्यानंतर पुन्हा जोरदार घेतो. पुढच्या हंगामात परत उलट. खोकी बदलत राहतात, तक्रार तीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अर्ध्या-पाऊण किलोच्या पक्ष्यासाठी .२२ एलआरची (लाँग रायफल, म्हणजे नेहमीचं .२२ रिमफायर काडतूस, ज्याचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो) ताकद कमी पडली असं जवळपास कधीच होत नाही. ती जास्त तरी होते, नाही तर दोन सेंटिमीटर चुकीच्या जागी पडते. त्यामुळे 'कोणतं काडतूस जास्त दमदार' हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. आपल्या नळीला कोणतं मानवतं आणि जवळच्या अंतरावर ते नेमकं कुठे बसतं, एवढंच शोधायचं.

इथे बोलतोय ते जमिनीवर किंवा फांदीवर बसलेल्या ग्राउज, टार्मिगन यांसारख्या थंड प्रदेशातल्या, तितराच्या जातकुळीतल्या पक्ष्यांबद्दल, आणि तेही जिथे परवाना घेऊन त्यांच्यावर रायफल चालवता येते तिथल्याबद्दल. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा विषय मिटलेला आहे. इतर देशांतही सरसकट मोकळीक नाही. अमेरिकेत बदक किंवा कबुतरासारख्या स्थलांतरित पक्ष्यांवर रायफल वापरायला मनाईच आहे. काही ठिकाणी पक्ष्याच्या जातीनुसार गोळीचा प्रकार ठरवून दिलेला असतो. काडतूस निवडण्याआधी तिथला चालू हंगामाचा नियम वाचावा. उडत्या पक्ष्यावर रायफल हा प्रकार तर मनातही आणू नये, ते काम छऱ्यांच्या बंदुकीचं.

आधी पक्षी उघडून बघा

निदान खोक्यावरच्या आकड्यांवरून होत नाही, जखमेवरून होतं. पक्षी सोलताना घाई करू नका. गोळी आत शिरली ती जागा आणि बाहेर पडली ती जागा शोधा, आणि मधला मार्ग बोटानं चाचपा.

आत जाताना बारीक भोक, बाहेर पडताना साधारण तेवढंच भोक, कडेला थोडं गोठलेलं रक्त आणि मार्गात ओढली गेलेली दोन-चार पिसं, असं दिसलं तर काडतुसाला दोष देऊ नका. गोळी छातीत बसली म्हणून मांस गेलं, एवढंच. नेम वर न्यायचा. आत जाताना बारीक भोक आणि बाहेर पडताना रुपयाएवढं भगदाड, आजूबाजूचं मांस जेलीसारखं, छातीच्या हाडाचा चुरा झालेला, असं असेल तर गोळी फार वेगानं जाऊन आत फुटली किंवा पसरली. इथे काडतूस बदलायलाच हवं. तिसरा प्रकार विचित्र असतो. भोक गोल नसून लांबट, जणू गोळी आडवी शिरली. ती खरंच आडवी शिरलेली असू शकते. त्याकडे पुढे येतो.

जखम पोटात किंवा मांडीत असेल तर मात्र तिच्यावरून काडतुसाबद्दल काहीच कळत नाही. तो नेमाचा भाग आहे.

मांस फाटतंय

.२२ एलआर हे काडतूस १८८७पासून चालत आलेलं आहे. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), म्हणजे जवळपास २.६ ग्रॅमची, बिनआवरणाच्या शिशाची. तीच गोळी वेगवेगळ्या वेगानं मिळते आणि सगळा फरक तिथे पडतो.

सबसॉनिक (आवाजापेक्षा हळू) आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांचा वेग नळीच्या तोंडाशी साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंद. हाय व्हेलॉसिटी ३७५ ते ३८५च्या आसपास. त्याच्याही वर हायपर म्हणून विकली जाणारी हलकी होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, आत गेल्यावर पसरणाऱ्या गोळीची) काडतुसं येतात. सीसीआय या काडतूस कंपनीच्या स्टिंगरची ३२ ग्रेनची गोळी कंपनीच्या आकड्याप्रमाणे ५०० मीटर प्रति सेकंदानं सुटते. ती सशावर किंवा खारीवर वापरणारे पुष्कळ आहेत, पण पक्ष्याच्या छातीवर तिचं काही काम नाही. पातळ हाड, त्याच्यामागे मऊ मांस, आणि गोळी त्यातच उघडणार. मग खायला काय उरणार?

म्हणून पक्ष्यासाठी पहिली पसंती स्टँडर्ड व्हेलॉसिटीची ४० ग्रेनची भरीव गोळी. गोल नाकाची सहज मिळते आणि चालतेही. चपट्या नाकाची मिळाली तर मला ती जास्त आवडते. सपाट तोंड पिसं आणि कातडी स्वच्छ कापत जातं आणि न पसरताही काम चोख होतं. सीसीआयची एसजीबी नावाची गोळी अशी चपट्या नाकाची आहे. ती हाय व्हेलॉसिटीत येते हा तिचा उणेपणा, तरी होलो पॉइंटपेक्षा मांसाला कितीतरी सोसते.

सबसॉनिक होलो पॉइंटबद्दल दोन्ही बाजूंनी ठामपणे बोललं जातं. खरी गोष्ट अशी की या वेगाला काही गोळ्या पसरतात आणि काही अजिबात पसरत नाहीत, कारण शिशाचा मऊपणा आणि पोकळीचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा. पक्ष्याच्या दोन-तीन इंच जाडीत पसरायला वेळही थोडा मिळतो. तुमच्या नळीतून ती नेमकी जात असेल तर खुशाल वापरा, पण 'होलो पॉइंट म्हणजे नक्की जागेवर पडणार' असं समजून नको.

आत गेल्यावर मुद्दाम तीन तुकडे होणारी गोळीसुद्धा मिळते. मांस खायचं असेल तर ती नकोच. प्रत्येक तुकडा स्वतःची वाट काढतो आणि त्यातला एक हमखास आतड्यात जातो.

मॅग्नम आणि .१७ एचएमआर

ही एलआरपेक्षा जोरदार रिमफायर काडतुसं: .२२ मॅग्नम १९५९चं आणि .१७ एचएमआर २००२चं. दोन्ही उत्तम काडतुसं आहेत आणि लहान पक्ष्यासाठी दोन्ही जास्तच आहेत. एचएमआरची नेहमीची १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी ७७५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास सुटते. ती पातळ आवरणाची, प्लास्टिकच्या टोकाची असते आणि आत शिरताच फुटावी अशीच बनवलेली असते. धडावर बसली तर पिसांची मूठ हाती येईल. ज्यांच्याकडे तेवढीच रायफल आहे त्यांनी मान आणि डोकं सोडून कुठेही नेम धरू नये, आणि तो धरता येत नसेल तर चाप ओढू नये.

मोठ्या पक्ष्यासाठी, लांबून, जिथे नियम परवानगी देतो तिथे मॅग्नमची पूर्ण आवरणाची गोळी चालते. ती पसरत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. पण आरपार गेल्यावरही तिच्यात भरपूर जोर शिल्लक असतो. मागे काय आहे हा प्रश्न तिथे दुप्पट महत्त्वाचा.

दहा पावलांवरून चुकतं

सगळ्यात जास्त डोकेदुखी याचीच, आणि काडतुसाला सगळ्यात जास्त शिव्या बसतात त्याही इथेच. खरं तर यात काडतुसाचा दोष नसतोच.

दुर्बीण नळीच्या वर बसलेली असते. दुर्बिणीचा मध्य आणि नळीचा मध्य यांत साधारण चार सेंटिमीटर अंतर धरा. गोळी सुटते खालून, नजर जाते वरून, आणि दोघांची गाठ पहिल्यांदा पडते ती पंधरा-सोळा मीटरच्या अलीकडेपलीकडे. त्याच्या आत गोळी कायम नजरेच्या खाली असते. रायफल ५० मीटरवर झीरो केलेली (म्हणजे तिथे गोळी नेमावरच बसेल अशी दुर्बीण जुळवलेली) आणि काडतूस स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं असेल, तर हिशेब असा निघतो: ५ मीटरवर गोळी नेमाच्या अडीच सेंटिमीटर खाली, १० मीटरवर सव्वा सेंटिमीटर खाली, २५ ते ४० मीटरवर सव्वा सेंटिमीटर वर, आणि ५० मीटरवर बरोबर नेमावर.

आता ग्राउजचं डोकं डोळ्यासमोर आणा. चोच सोडली तर दोन-अडीच सेंटिमीटर. पाच मीटरवर क्रॉसहेअर डोळ्यावर ठेवून चाप ओढलात तर गोळी मानेच्या पिसांतून जाईल किंवा चोचीखालून हवेत. पक्षी जितका जवळ, तितका नेम वर धरायचा. सगळ्या अंदाजाच्या उलट वाटतं हे, म्हणूनच लोक वर्षानुवर्षं इथे फसतात. आणि जोरदार काडतूस घेऊन यात काही फरक पडत नाही, कारण पाच मीटरवर गोळी मुळात पडतच नाही. ती फक्त खालून निघालेली असते.

उपाय कंटाळवाणा आहे पण एका दुपारी होतो. एका मोठ्या कागदावर पाच ठिपके काढा. ५, १०, १५, २० आणि ३० मीटरवरून, प्रत्येक वेळी ठिपक्याच्या मध्यावरच नेम धरून, तीन-तीन गोळ्या मारा. दुरुस्ती करायची नाही, बटणं फिरवायची नाहीत. मग पट्टी घेऊन प्रत्येक ठिपक्यापासून भोकं किती खाली-वर आहेत ते मोजा आणि ते आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याच्या गालाच्या बाजूला लावा. वर दिलेला हिशेब माझ्या गृहीतकांचा आहे. तुमची दुर्बीण उंच कड्यांवर (रिंगांवर) बसवलेली असेल तर पाच मीटरवरचा फरक आणखी मोठा येईल.

उघड्या साइटवाल्यांना हा त्रास कमी होतो, कारण साइट नळीला लगटून असते. जवळच्या पक्ष्यांसाठी जुनी उघड्या साइटची रायफल वापरणारे काही अगदीच हट्टी म्हाताऱ्या वळणाचे नसतात.

याच्याच जोडीला पॅरॅलॅक्स बघा, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसणं. सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या काडतुसाच्या, मोठ्या) रायफलसाठी बनलेल्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर बेतलेल्या असतात, तर रिमफायरसाठीच्या बहुतेक ५० ते ६० यार्डांवर. मोठ्या रायफलवरून उतरवलेली दुर्बीण .२२वर बसवली की जवळच्या अंतरावर डोळा जरा बाजूला झाला तरी क्रॉसहेअर सरकतं. बाजूला फोकसचं चाक असेल तर ते जवळच्या अंतरावर आणा. नसेल तर दुर्बिणीचं मॅग्निफिकेशन कमी ठेवा आणि गाल दरवेळी एकाच जागी टेकवा.

खोकं बदललं आणि नेम हलला

जवळपास सगळेच करतात ते हे: रायफल झीरो करायची एका काडतुसावर आणि जंगलात न्यायचं दुसरं, कारण 'पक्ष्याला हळू बरं'. वर सांगितलेल्या वेगांवरून बघा. स्टँडर्डवर झीरो केलेली रायफल हाय व्हेलॉसिटीनं ५० मीटरवर दोन-अडीच सेंटिमीटर वर मारेल. आणि सीसीआयच्या क्वाएटसारखं फार हळू, साधारण २१६ मीटर प्रति सेकंदाचं काडतूस घातलं, तर २५ मीटरवर साडेतीन-चार सेंटिमीटर आणि ५० मीटरवर चौदा-पंधरा सेंटिमीटर खाली. हा नुसता पडण्याचा हिशेब झाला. वेग बदलला की नळीची थरथरही बदलते, म्हणून नेम डावी-उजवीकडेही सरकू शकतो, आणि ते कागदावर मारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

एका कंपनीच्या काडतुसावरून दुसऱ्यावर गेल्यावर लगेच निकाल देऊ नका. रिमफायरच्या गोळीला बाहेरून मेण किंवा वंगण लावलेलं असतं आणि ते नळीत बसतं. नव्या काडतुसाचं मेण बसेपर्यंत दहा-वीस गोळ्या इकडे तिकडे जातात. त्या मोजायच्या नाहीत. पहिल्या पाच गोळ्यांवर 'हे काडतूस भंगार' म्हणून खोकं कपाटात टाकणारे खूप, आणि त्यातली अर्धी खोकी चांगली असतात.

त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या काडतुसांतही लॉटप्रमाणे (एका वेळी बनलेल्या खेपेप्रमाणे) फरक पडतो. स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स रायफल नेमबाजीत ब्राँझ जिंकलं, ती स्पर्धा याच .२२ एलआरवर होते. तिथला दहाचा गोल जेमतेम १०.४ मिलिमीटरचा. त्या पातळीचे नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलमधून मारून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. आपल्याला एवढं बारीक काम नको. पण तीन-चार जातींची एकेक खोकी आणून तपासायची, त्यातली एक ठरवायची आणि तोच लॉट हंगामभर पुरेल एवढा घ्यायचा, इतकं तरी करावं. महागडं मॅच काडतूस जिंकेलच असं नाही. काही साध्या नळ्या स्वस्त स्टँडर्डवरच खूश असतात.

मापदंड काय? २५ मीटरवर पाच गोळ्या दोन सेंटिमीटरच्या गोलात, आणि त्याही बाकावरून नाही. जंगलात बसाल तसे मांडी घालून किंवा झाडाला टेकून. बाकावरचा ग्रुप (भोकांचा पुंजका) काडतुसाची परीक्षा करतो, मांडीवरचा तुमची. झाडाला टेकताना नळी थेट खोडावर ठेवू नका. हात मध्ये घ्या. नळी कठीण वस्तूवर टेकली की गोळी तिच्यापासून दूर उडते, आणि मग पुन्हा काडतुसाच्या नावानं खडे फोडणं सुरू.

पहिलीच गोळी चुकते, बाकीच्या बसतात

कागदावर हे चालून जातं. पक्ष्यावर पहिली गोळी हीच एकुलती एक असते. बहुतेक वेळा कारण नळीतलं तेल. शिकारीच्या आदल्या रात्री नळी घासून-पुसून तेल लावून ठेवायची सवय मोठ्या रायफलवाल्यांची, .२२ला ती नडते. स्वच्छ, तेलकट नळीतून पहिली गोळी कुठेही जाऊ शकते. हंगामात .२२ची नळी विनाकारण घासू नका. घासलीच तर कोरडी करा आणि दहा-पंधरा गोळ्या मारून मगच जंगलात न्या. नवीन दिवशी थंड नळीतून एकच गोळी एका कागदावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच त्याच कागदावर, असं करत गेलात की तुमच्या पहिल्या गोळीचा स्वभाव समजतो.

थंडीतले घोटाळे

या पक्ष्यांचा हंगाम बऱ्याच ठिकाणी थंडीत येतो आणि थंडी दोन बाजूंनी त्रास देते.

एक आवाजाची. खोक्यावर सबसॉनिक लिहिलंय आणि गोळी तरी कडाडते, अशी तक्रार असते. आवाजाचा वेग २० अंश सेल्सियसला ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, शून्याला ३३१, आणि उणे २० अंशांना ३१९च्या आसपास. उन्हाळ्यात मुकाट जाणारी ३२६ची गोळी कडाक्याच्या थंडीत आवाजाच्या पुढे जाऊ शकते. थंड दारू थोडी मंद जळते, त्यामुळे गोळीचाही वेग घटतो, म्हणून दरवेळी असं होत नाही. एखादी कडाडते, एखादी नाही. खिशात अंगाशी ठेवलेली काडतुसं आणि रायफलमध्ये गार पडलेली काडतुसं मिसळली की हा खेळ आणखी वाढतो. सगळी एकाच जागी ठेवा. पक्षी मारण्याच्या दृष्टीनं तो कडाका तसा बिनमहत्त्वाचा, थव्यातले बाकीचे उडतात एवढाच तोटा.

दुसरी चाप ओढल्यावर नुसता 'टक्'. रिमफायरचा पेटता मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो. एखाद्या ठिकाणी तो पातळ राहतो, म्हणून एखादं काडतूस दगा देणारच. पण थंडीत सारखंच होऊ लागलं तर काडतुसाआधी बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) बघा. आतलं जुनं तेल घट्ट होऊन फायरिंग पिन हळू चालते आणि कडेवर ठोका हलका बसतो. न फुटलेल्या काडतुसाच्या कडेवरची खूण बघा. खोल आणि स्पष्ट असेल तर दोष काडतुसाचा. पुसट असेल तर बोल्ट काढा, पुसून कोरडा करा, आणि थंडीत घट्ट न होणाऱ्या तेलाचा नुसता हात फिरवा.

न फुटलेल्या काडतुसावर बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का लागला नाही, कागदावर भोक नाही, तर पुढचं काडतूस अजिबात घालू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. बोल्ट काढून मागच्या बाजूनं नळीत उजेड बघा. हा धोका बिनदारूच्या, नुसत्या मसाल्यावर चालणाऱ्या अतिहळू काडतुसांत जास्त. त्यांतल्या काही रायफलच्या लांब नळीसाठी नाहीतच, खोक्यावर तसं लिहिलेलंही असतं.

आडवी शिरलेली गोळी

लांबट भोकाचं कारण गोळीला फिरवणाऱ्या नळीच्या आट्यांत असतं. .२२ एलआरच्या नळ्या साधारणपणे १६ इंचांत एक फेरा अशा आटीच्या असतात आणि ४० ग्रेनच्या गोळीला ते पुरतं. ६० ग्रेनची लांब सबसॉनिक गोळी बऱ्याच अशा नळ्यांत नीट फिरत नाही आणि गडबडत जाते. कागदावर एकही भोक लांबट दिसलं की ते काडतूस त्या रायफलसाठी बाद. जास्त वजनाच्या मोहात पडू नका.

उलट बाजूला .२२ शॉर्ट. ते एलआरच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) चालतं, आवाज कमी, पक्ष्याला पुरतंही. पण सतत वापरलं तर चेंबरमध्ये पुढे काजळी आणि शिशाचं कडं जमतं आणि मग एलआर काडतूस आत जाताना अडतं. वापरल्यावर चेंबर ब्रशनं साफ करा. मॅगझिनमधून ते नीट चढेल याचीही खात्री नसते. सेमी-ऑटोवाल्यांनी (आपोआप पुढचं काडतूस चढणाऱ्या रायफलवाल्यांनी) हळू काडतुसांच्या वाटेला जाताना लक्षात ठेवावं की फार कमी ताकदीची काडतुसं बोल्ट पूर्ण मागे ढकलत नाहीत. रिकामं टरफल अडकतं. तिथे स्टँडर्ड व्हेलॉसिटी हीच खालची हद्द समजा, आणि तीही आपल्या रायफलमध्ये आधी चालवून बघा.

शिसं आणि फांदीवरचा पक्षी

काही भागांत शिशाची गोळी शिकारीला चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून पूर्ण बंदी आहे. तिथे तांब्याच्या मिश्रणाच्या हलक्या गोळ्या वापराव्या लागतात. त्या वेगवान असतात आणि नेमकेपणात नळीनळीगणिक फरक दिसतो, म्हणून तपासणी दुप्पट करा. शिशाच्या भरीव हळू गोळीचे तुकडे कमी होतात, पण होत नाहीत असं नाही. जखमेच्या भोवतालचं मांस सढळ हातानं कापून टाका. आतडी उघड्यावर फेकू नका, गिधाडं आणि गरुड ती खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं.

आता फांदीवरचा पक्षी. .२२ एलआरच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असं छापलेलं असतं, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर. वर फांदीकडे मारलेली गोळी पक्ष्यातून आरपार गेली किंवा चुकली तर तिला अडवायला मागे आकाशाशिवाय काही नाही. ती कुठे उतरेल ते तुम्हाला दिसणार नाही. म्हणून पक्ष्यामागे जाड खोड किंवा चढाची माती दिसेल अशी जागा बदलून घ्या. नाही मिळाली तर तो पक्षी सोडायचा. जमिनीवरच्या पक्ष्यामागे गोठलेली माती, बर्फाचा थर किंवा दगड असेल तर हळू शिशाची गोळीसुद्धा उसळी घेते.

नेम कुठे? पंचवीस मीटरच्या आत, पक्षी स्थिर आणि रायफल टेकलेली असेल तर मानेचा वरचा भाग, जिथे ती डोक्याला मिळते. चोचीकडे जाऊ नका, तुटलेल्या चोचीचा पक्षी उडून जातो आणि उपाशी मरतो. मान सतत हलत असेल तर बाजूनं पंखाच्या सांध्याजवळ, छातीच्या वरच्या कडेला. हळू भरीव गोळीनं तिथे थोडंच मांस जातं. पाठमोऱ्या पक्ष्यावर खांद्यांच्या मधोमध. याहून लांब, वाऱ्यात, उभ्यानं मारायची वेळ आली तर जवळ जा.

हे सगळं करूनही ग्रुप जमत नसेल, चार जातींची काडतुसं झाली, मेण बसलं, तरी भोकं विखुरलेलीच, तर आता काडतूस सोडा. दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू आणि नळी-दस्ता जोडणारे स्क्रू तपासा. .२२मध्ये ते ढिले सापडणं अगदी नेहमीचं. मग नळीच्या तोंडाची कड नखानं फिरवून बघा, कुठे खाच लागते का. साफसफाईचा गज पुढून घालून घालून ती खराब झालेली असते. ती बंदूकदुरुस्तीवाल्याकडून नव्यानं कापून घेता येते, काम छोटं असतं. शेवटी दुर्बीण बदलून दुसऱ्या रायफलवरची, खात्रीची, लावून एक ग्रुप मारा. ग्रुप आवळला तर सगळी खोकी निर्दोष होती.